गुप्तहेर, दाढी आणि बशीतला चहा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात ठाण्यातल्याच एका वाचकाचं पत्र होतं. युद्धावर कसले विनोद करता, असा त्याचा सूर. आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या गच्चीवर आम्ही काही जुन्या खोडांनी पडदा लावून 1942 सालचा ‘टू बी ऑर नॉट टू बी’ दाखवला, त्याबद्दलचा तो राग होता. गृहस्थ पाहुणे म्हणून आले होते आणि निम्म्यातच चप्पल शोधत उठले. त्यांनी ज्या ठिकाणी चित्रपट सोडला, त्याच्या पुढे दाढीचा प्रसंग आहे. बँकेची नोकरी सांभाळून तीसेक वर्षं मी हौशी नाटकांची रंगभूषा केली, त्यामुळे दाढीबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नाही.

चित्रपट असा : जर्मनांनी वॉर्सा घेतलं आहे आणि तिथल्या एका नाटक कंपनीतले नट गेस्टापोचे, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचे, गणवेश चढवून खऱ्या गेस्टापोला बनवतात. जर्मनांसाठी बातम्या पळवणारा प्रोफेसर सिलेट्स्की मारला जातो आणि त्याच्या जागी कंपनीचा प्रमुख नट जोसेफ टुरा दाढी लावून जर्मन कर्नलकडे जातो. कर्नलला तोवर खऱ्या प्रोफेसरचं प्रेत सापडलेलं असतं. तो काही न बोलता टुराला त्या प्रेताबरोबर एका खोलीत बसवून ठेवतो. आता सुटका कशी? टुराच्या खिशात एक जादा नकली दाढी असते. तो प्रेताची खरी दाढी वस्तऱ्याने उतरवतो आणि तिथे नकली चिकटवतो. मग कर्नललाच म्हणतो, ओढून बघा की! कर्नल ओढतो, दाढी हातात येते, आणि बिचारा माफी मागू लागतो.

इथे आमच्या गच्चीवर जो हशा झाला, त्यात मी जरा उशिराच सामील झालो. मी हिशेब करत होतो. स्पिरिट गम, म्हणजे दाढी-मिशा चिकटवायचा डिंक, लावल्यावर तो थोडा वाळू द्यावा लागतो, बोटाला तार धरायला लागली की मग क्रेपचे (नकली दाढीचे सुटे) केस थरावर थर बसवायचे, ओल्या फडक्याने दाबायचे, शेवटी कात्रीने आकार द्यायचा. घाईत होण्यासारखं हे काम नव्हे. पण जाळीवर विणलेली तयार दाढी असेल तर दोन मिनिटांत चिकटते, आणि ओढली की सबंध निघते. टुराकडे तशीच असणार. म्हणजे प्रसंग अतर्क्य असला तरी कारागिरीत चूक नाही. दिग्दर्शक अर्न्स्ट लुबिच हा बर्लिनमधल्या ज्यू शिंप्याचा मुलगा, सुरुवातीला स्वतः नट. मेकअप रूममध्ये बसून आल्याशिवाय असलं सुचत नाही. आणि याच्यावर कडी म्हणजे टुरा जिंकलेला असताना त्याचेच सहकारी गणवेश घालून त्याला ‘सोडवायला’ येतात आणि सगळ्यांदेखत त्याची दाढी उपटतात. हौशी मंडळांत काम केलेल्या कोणालाही ही मदत ओळखीची वाटेल.

आता पत्रलेखकांचा मुद्दा : तिकडे माणसं मरत होती आणि हे वेषांतराचे चाळे करतात. मला वाटतं, वेषांतराच्या विनोदात आपण हसतो ते माणसाच्या सवयीला. चेहरा अर्ध्या तासात बदलता येतो, सवय बदलत नाही.

याचा मला बसलेला धक्का सांगतो. ऐंशीच्या दशकात गडकरी रंगायतनला आमच्या मंडळाचा प्रयोग होता, बेचाळीसच्या भूमिगतांवरचं नाटक. आमचा नायक पारशी बॅरिस्टर बनून गोऱ्या कलेक्टरच्या बंगल्यात शिरतो असा प्रवेश. मी त्याच्यावर दीड तास घालवला होता. कल्ले पिकवले, नाकाला धार दिली, डगला इस्त्रीचा, वर पारशी पगडी. विंगेतून पाहताना मलाच तो ओळखू येईना. बटलर चहा घेऊन आला. आणि आमच्या बॅरिस्टरांनी, जन्मभराच्या सवयीने, कपातला चहा बशीत ओतला, फूऽ करून फुंकर घातली आणि भुरका मारला. सबंध थिएटर कोसळलं. कलेक्टर झालेल्याने प्रसंगावधान राखून खिडकीकडे तोंड फिरवलं, नाहीतर नाटक दुसऱ्याच अंकात संपलं असतं. माझी दीड तासाची मेहनत एका बशीत बुडाली.

पुढे काही वर्षांनी नूर इनायत खानबद्दल वाचलं तेव्हा हीच बशी आठवली. टिपू सुलतानच्या वंशातली ही तरुणी ब्रिटिशांची वायरलेस ऑपरेटर म्हणून जून 1943 मध्ये जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये उतरली. बालपण फ्रान्समध्ये गेलेलं, भाषा तिचीच. तरी एका घरी चहा करताना तिने कपात आधी दूध घातलं आणि मग चहा, म्हणजे अस्सल इंग्रजी पद्धत. घरच्या बाईंनी ते हेरलं आणि तिला सांभाळून राहायला सांगितलं. ती पुढे पकडली गेली ती फितुरीमुळे. चहाचा त्यात दोष नव्हता. 13 सप्टेंबर 1944 रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली गेली. 1949 मध्ये मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हा ब्रिटिशांचा शौर्यसन्मान मिळाला. आमच्या बॅरिस्टराची बशी आणि नूरचं ते दूध, चूक एकाच जातीची. आम्हाला हशा मिळाला, कारण आमच्या नाटकातला कलेक्टर ठाणे पूर्वेला राहत होता.

युद्धाच्या इतिहासातच असले प्रसंग इतके आहेत की लेखकाला फार शोध लावावा लागत नाही. डिसेंबर 1944 मध्ये जर्मनांनी अमेरिकन गणवेश घालून आपली माणसं बेल्जियमकडच्या आर्देनच्या जंगलातल्या आघाडीमागे घुसवली. मग अमेरिकन पहारेकरी ज्याला त्याला अडवून शाळेतले प्रश्न विचारू लागले. त्यांचेच जनरल ब्रॅडली, त्यांनाही सोडलं नाही. इलिनॉयची राजधानी कोणती? ते म्हणाले स्प्रिंगफिल्ड, जे बरोबर होतं. पण पहारेकऱ्याच्या मते शिकागो! हे वाचताना हसू येतं. त्याच गणवेशांत पकडलेल्या जर्मनांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या, हेही त्याच पानावर असतं.

त्याच वर्षी क्लिफ्टन जेम्स नावाच्या नटाला ब्रिटिश जनरल माँटगोमरींचं सोंग देऊन, जर्मनांना चकवायला, जिब्राल्टरला पाठवलं होतं. चेहरा मुळातच मिळताजुळता, म्हणजे रंगभूषाकाराला काम नाही. अडचण होती ती हाताचं एक बोट आधीच्या महायुद्धात गेल्याची, आणि दारू-सिगारेटच्या सवयीची. माँटगोमरी दोन्हींना शिवत नसत. बोट नकली बसवता आलं.

आपल्याला तर हे शिकवायलाच नको. बहिर्जी नाईकांच्या गोष्टी ऐकत वाढलेले आपण. माझ्या लहानपणी गोखले रोडच्या चाळींत बहुरूपी यायचा, फौजदाराच्या वेषात. खाकी कपडे, छडी, तोंडाने वॉरंटाची दमदाटी. पहिल्यांदा मी आजीच्या पदराआड लपलो, तर आजी म्हणाली, “मेल्या, पाय बघ त्याचे.” पायांत टायरच्या चपला होत्या. तेव्हापासून कोणाचंही सोंग बघताना माझी नजर आधी पायांकडे जाते. तक्रार करायचीच तर हल्लीच्या हेरपटांची करावी. नायक एक मिशी चिकटवतो आणि अख्खं शत्रूचं सैन्य आंधळं होतं. बूट पाहावेत तर नवे कोरे.

राहता राहिला उठून जाण्याचा प्रश्न. पत्रलेखकांनी वाईट वाटून घेऊ नये, या चित्रपटातून त्यांच्याआधीही एक जण उठून गेला होता. टुरा झालेला जॅक बेनी हा ज्यू, आणि पहिल्याच प्रसंगात तो जर्मन गणवेशात दिसतो. त्याच्या वडिलांनी ते पाहिलं आणि संतापून थिएटरबाहेर पडले, मुलाशी बोलेनात. नंतर त्यांची समजूत घालून त्यांना परत नेलं, तेव्हा शेवटपर्यंत बसले, आणि मग पुन्हा पुन्हा पाहत राहिले, असं बेनीनेच सांगितलेलं आहे.

पुढच्या महिन्यात, पाऊस नसेल तर, आम्ही तोच चित्रपट पुन्हा लावतोय. पत्रलेखकांना पुढच्या रांगेतली खुर्ची राखून ठेवतो, चहाही मिळेल, बशीसकट. चित्रपटात टुरा हॅम्लेटचं ‘टू बी ऑर नॉट टू बी’ हे स्वगत सुरू करतो आणि नेमक्या त्याच क्षणी दुसऱ्या रांगेतला एक तरुण उठून बाहेर जातो, दर प्रयोगाला. तेवढं एक सोडून कुठेही उठलात तरी चालेल.

आपला,
एक जुना हौशी रंगभूषाकार,
नौपाडा, ठाणे (प.)