भाड्याच्या घरातला ओटा

इंदूर, रविवार

प्रिय सुमे,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र काल मिळालं. बडोद्याच्या कारेलीबागेतलं घर भाड्याचं, करार अकरा महिन्यांचा, त्यात स्वयंपाकघराला हात लावायचा म्हणजे दुसऱ्याच्या घरात पैसे पुरायचे, असं सासूबाई म्हणतात ना? त्यांची काळजी खोटी नाही. पण करार अकरा महिन्यांचा करतात तो बहुतेक वेळा नोंदणी टाळायला. वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावाच लागतो. कागदावर अकरा महिने असले तरी माणसं त्याच घरात मुलांच्या मुंजी करतात. तेवढी वर्षं तू कंबर वाकवून पोळ्या लाटाव्यास हे मला मुळीच पटत नाही. कर तू काम. फक्त कोणतं काम घराचं आणि कोणतं तुझं, हे आधी ठरव.

आम्ही सगळं याच एका गोष्टीवरून ठरवलं. घर सोडताना उचलून नेता येईल ते आमच्या पैशानं. भिंतीत, फरशीत, नळात जाईल ते मालकांचं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम १०८ आहे, त्याचाही अर्थ असाच निघतो. भाडेकरूनं स्वतः जोडलेल्या वस्तू, घर ताब्यात आहे तोवर, तो काढून नेऊ शकतो; पण जागा जशी मिळाली तशी परत द्यायची. कायमचं बांधकाम मात्र मालकाला विचारल्याशिवाय करायचं नाही. करारात वेगळं काही लिहिलं असेल तर करार चालतो, म्हणून तुझा करार आधी काढ आणि शांतपणे वाच.

आमचे मालक काका खालीच राहतात, लोकमान्य नगरातले जुने, शब्दाचे पक्के. तरी एक कागद केला. काम कोणतं, पैसे कोणाचे, आम्ही जाताना काय नेणार, काय तसंच सोडणार. जुन्या ओट्याचे आणि भिंतींचे फोटो काढून ठेवले, दोघांनी सह्या केल्या. काकांवर विश्वास नाही म्हणून नव्हे गं. त्यांचा मुलगा पुण्याला असतो. उद्या व्यवहार त्याच्याशी करायची वेळ आली तर त्याला काय ठरलं होतं ते कसं कळणार? ओट्याचे पैसे आधी आम्ही दिले आणि दर महिन्याच्या भाड्यातून थोडे थोडे वळते करून घेतले, तेही त्या कागदावर आहे. तुम्हाला असं जमत असेल तर यासारखी दुसरी सोय नाही.

आता ओटा. जुना कडप्प्याचा, बुटका, आणि लिंबू-चिंचेनं जागोजागी पांढुरका पडलेला. कडप्पा हा चुनखडीचा दगड, आंबट पडलं की त्याची झिलई जातेच. कितीही घासलं तरी परत येत नाही. ग्रॅनाइटला तसं होत नाही, म्हणून काकांना ग्रॅनाइटच घालायला सांगितलं. पण दगडापेक्षा उंची महत्त्वाची. मिस्त्री सरसकट एकच माप धरतात. तू सरळ उभी राहा, कोपरात हात दुमड, आणि कोपरापासून चार ते सहा इंच खाली माप घे. लाटायला-चिरायला तेवढी उंची बरी पडते. शेगडी ओट्यावर ठेवली की पातेलं आणखी वर जातं, तेही धरून चाल. घरात स्वयंपाक जी जास्त करते तिचं माप घ्यायचं, आणि तुमच्याकडे ती तूच आहेस. माझी पाठ रात्री दुखायची ती ओटा उंच केल्यावर थांबली. यासाठी मालकांशी पुन्हा पुन्हा बोलावं लागलं तरी बोल, संकोच करू नकोस.

ओट्याखाली बंद ट्रॉल्या करून घेऊ नकोस. एक तर त्या त्या घराच्या मापाच्या असतात, दुसऱ्या घरात बसत नाहीत. दुसरं म्हणजे सिलिंडर. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला अगदी तळाशी जाळी हवीच, आणि सिलिंडर उभाच ठेवायचा. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची घे आणि पाच वर्षांनी बदल. मी ट्रॉल्यांऐवजी बर्तन बाजारातून स्टीलची मांडणी आणली आणि पायांवर उभं राहणारं एक कपाट करून घेतलं. उद्या घर बदललं तर टेम्पोत चढवायचं. कपाटाला प्लायवूड घेशील तर आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे पाणी सोसणारं घे. साधं प्लाय सिंकजवळ फुगतं.

इंडक्शन लावणार असशील तर १६ अँपिअरचा सॉकेट आणि अर्थिंग बघून घे. ते काम मालकांचं. चिमणीसाठी भिंत फोडायची परवानगी नसेल तर कोळशाच्या फिल्टरची, नळकांडं नसलेली मिळते. धूर तितका ओढत नाही, फिल्टरही बदलत राहावं लागतं. खरं सांगू, आपल्या फोडण्यांना खिडकीतला एक्झॉस्ट पंखा जास्त उपयोगी.

इथे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, बाकी बोअरिंगचं. बोअरिंगच्या पाण्यानं नळाच्या जाळीत क्षार धरतो, म्हणून सिंकला जाळी उघडून धुता येईल असाच नळ बसवला. तुमच्याकडचं पाणी कसं आहे ते शेजारी विचार. आणि कचऱ्याच्या डब्यांची जागा आधीच ठरव. इथे ओला, सुका, सगळं वेगवेगळं द्यावं लागतं. आम्ही सिंकखाली तेवढ्यासाठीच जागा मोकळी ठेवली. फोडलेल्या ओट्याचा मलबा रोजच्या घंटागाडीत घेत नाहीत, तो उचलायचे पैसे कोण देणार हेही कागदात घाल.

मिस्त्रीला पैसे देण्याआधी तुझं कोपराचं माप आणि कराराचा फोटो मला पाठव. मालकांना द्यायचा कागद आपण दोघी मिळून लिहू. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद.

तुझीच,
मंगल