मनसरच्या विटा

नागपूर,
रविवार, रात्रीचे दहा

प्रिय दोस्ता,

सप्रेम जयभीम.

परवा फोनवर तू विचारलंस, "मनसरला पाहायला आहे तरी काय बे?" मी सांगायला सुरुवात केली आणि तुझी मीटिंग लागली. म्हणून हे पत्र. आता मधे बोलायची सोय नाही, मुकाट्यानं वाच.

आठवीची सहल आठवते? एसटीनं रामटेकला गेलो होतो. मनसरच्या फाट्यावर गाडी उजवीकडे वळली तेव्हा सर म्हणाले, "इथे मँगनीजच्या खाणी आहेत." आपण वहीत लिहून घेतलं, संपलं. रस्त्यालगतच्या टेकडीकडे ना सरांनी बोट दाखवलं ना आपण पाहिलं. दोष कोणाचाच नाही. जुन्या अवशेषांसाठी खोदकाम झालं ते पुढे, १९९८ पासून. तोवर ती गावकऱ्यांची हिडिंबा टेकडी होती, वर झुडपं आणि बकऱ्या.

तर आज माय म्हणाली, चल. गुडघे दुखतात, पण बुद्धाची जागा म्हटलं की तिला गुडघे आठवत नाहीत. सकाळी सातला इंदोऱ्याहून निघालो. आता कामठी रोडवर डोक्यावरून मेट्रो जाते, खाली तोच धुरळा. कन्हानच्या पुलाआधी तर्री-पोहे खाल्ले. तुझ्या पुण्यात पोह्यांवर शेव टाकतात आणि त्यालाच नाश्ता म्हणतात, असो. पुढे दोन्ही बाजूंनी पळस फुललेला. ४५-५० किलोमीटरचा रस्ता, साडेआठला पायथ्याशी.

टेकडी उंच नाही, पण माय चार ठिकाणी बसली. वर पोचलो आणि मी गप्पच झालो. विटाच विटा रे. एकावर एक चढत गेलेले टप्पे, कोन काढलेल्या भिंती, खोल्यांचे चौकोन. छप्पर नाही, मूर्ती नाही. खाली तलाव, आणि पूर्वेकडे रामटेकच्या गडावरची देवळं अगदी समोर.

आता तुझ्या आवडीचा विषय. कोणाचं हे? आपल्या लोकांत म्हणतात, बौद्ध आचार्य नागार्जुनाचं. खोदकामामागे जपानहून आलेल्या भन्ते सुरई ससाईंची तळमळ होती, हे तुला माहीतच आहे. सातव्या शतकात आलेल्या चिनी प्रवासी ह्युएन त्संगानं लिहून ठेवलंय, की सातवाहन राजानं नागार्जुनासाठी डोंगर कोरून विहार केला. तो डोंगर नेमका कुठला, यावर विद्वान अजून भांडतात. दुसरी बाजू म्हणते, हे वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाचं प्रवरेश्वर, म्हणजे शंकराचं देऊळ, पाचव्या शतकातलं. 'प्रवरेश्वरस्य' अशी अक्षरं असलेली मातीची मुद्रा, म्हणजे शिक्का, इथंच सापडली. मनसरची एक देखणी शिवमूर्तीही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यातही मजा बघ, आपल्या नागपूरच्या इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी प्रवरसेनाची राजधानी प्रवरपूर म्हणजे वर्ध्याजवळचं पवनार, असं मांडलं होतं, आणि आता काहीजण ती मनसरला आणतात. मला विचारशील तर त्या मुद्रेमुळे देवळाचं पारडं जड वाटतं. चिडू नको. विहार आधी असेल, देऊळ नंतर, किंवा शेजारीशेजारी. एका टेकडीनं दोन-चार शतकांत एकच धर्म का पाळावा?

हे सगळं मी मायला समजावत होतो. ती ऐकतच नव्हती. आधी तिनं पदर सारखा केला, हात जोडून त्रिसरण म्हटलं. मग पायाशी पडलेल्या एका सुट्या विटेजवळ टेकली आणि बोटं ताणून वीत लावली.

"दोन वीत भरते रे जवळजवळ. आपल्या भट्टीची एक वीत."

तुला ठाऊक नसेल, लग्नानंतर सहा वर्षं तिनं वीटभट्टीवर काढली. माती तुडवायची, साच्यातून पाडायची, डोक्यावरून वाहायची. मी जन्मलो तेव्हा बाबा रेल्वेत लागले, म्हणून मला ती भट्टी फक्त तिच्या टाळूवरच्या विरळ केसांवरून माहीत. पिशवीतून एक रुपया काढून तिनं विटेवर वाजवला. तेवढ्यात चौकीदारानं शिट्टी मारली. मी ओशाळलो, ती नाही. त्यालाच बोलावून म्हणाली, "आवाज ऐक. अशी टणटण वाजली म्हणजे आतपर्यंत भाजली. एवढी जाड वीट आतून कच्ची राहते बापा, पोट्टेहो. हे कसं केलं असन यांनी?"

चौकीदार तिच्याजवळ बसला. मग पाऊण तास दोघं विटांवर बोलत होते, जळण किती लागलं असेल, पाणी तलावातूनच आणलं असेल का, एका बाईच्या डोक्यावर एका खेपेला किती मावतील. ती म्हणाली, चार, फार तर पाच. मी दूर बसून संत्री सोलत होतो. माझा प्रवरसेन कोणालाच नको होता.

१९५६ ला ती चार वर्षांची होती. १४ ऑक्टोबरला आज्यानं खांद्यावर बसवून दीक्षाभूमीवर नेलं, तिला आठवतात फक्त पांढऱ्या साड्या आणि उडालेली धूळ. बाबासाहेबांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात सांगितलं होतं ना, नागपूर का निवडलं, तर इथं नाग लोक राहत, त्यांनी बुद्धाचा धम्म पसरवला. आज उतरताना ती म्हणाली, "नाग लोकांतल्या बायाही भट्टीवर जात असतीन." मला उत्तर सुचलं नाही.

जेवण सावलीत केलं, तिखट पुऱ्या आणि सांबारवडी. रामटेकला गेलो नाही, ऊन चढलं होतं. येताना कामठीला ड्रॅगन पॅलेसमध्ये थांबलो. जपानी मदतीनं १९९९ साली उभं राहिलेलं, सगळं चकचकीत, आत चंदनाची बुद्धमूर्ती. माय तिथं पन्नासदा गेली असेल. आज मात्र डोळे मिटून बसायच्या आधी तिनं भिंतीवर हात फिरवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "प्लास्टर आहे, काही दिसत नाही."

अशोक विजयादशमीला येशील तेव्हा दोन दिवस जास्त काढ. नुसती दीक्षाभूमी करून पळू नको. बूट चांगले आण, मुरमावरून पाय घसरतो.

आत्ता हे लिहिताना माय झोपेतून उठून आली. विचारते कोणाला लिहितोस. तुझं नाव सांगितलं तर म्हणाली, "त्याला लिही, मातीत भुसा घातला होता की गवत, ते पाहायचं राहून गेलं."

तुझाच,
काड्या