मागचा डावा टायर

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
भाऊबीजेनंतरचा दुसरा दिवस

चि. राणीस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री साडेनऊला तुझा ‘पोचले’ एवढा एकच शब्द आला. तुझ्या आईनं तो मला तीनदा दाखवला. फोन लावणार होतो, पण फोनवर आपलं चौथ्या वाक्याला बिनसतं आणि तू ‘रेंज जाते आहे बाबा’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून वही काढली. टायरविषयी एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवून बसलो आहे.

आधी माझं चुकलं ते. मामासमोर, शेजारच्या पोट्ट्यांसमोर मी ‘हत्ती पोसाले पैसे हायेत, टायरले नाहीत’ असं म्हणालो. तुझा चेहरा उतरलेला मला दिसला, तरी मी थांबलो नाही. अकरा वर्षं नोकरी करून स्वतःच्या पैशानं घेतलेली गाडी आहे तुझी, बापाकडं एक रुपया मागितला नाहीस. भाऊबीजेचं ताट तसंच ठेवून तू साडेचारला निघालीस आणि अनारशांचा डबा ओट्यावर राहिला. तो अजून तिथंच आहे. आई कुणाला हात लावू देत नाही.

गाडी मला आवडते. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून लिहितो. तू पहिल्यांदा आणलीस तेव्हा बारा वर्षांची जुनी, तिसऱ्या हाताची, दिल्लीकडून आलेली, हे ऐकून मन खट्टू झालं होतं. तिकडं १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, म्हणून त्या स्वस्तात इकडं येतात हे मला ठाऊक होतं. स्वस्तात आलेली वस्तू दारात उभी राहिली की माझ्या पोटात गोळा येतो, तो माझा स्वभाव. पण आईचे गुडघे दाखवायला सावंगीला गेलो तो दिवस आठव. तू बटण दाबलंस आणि गाडी हळूच खाली झाली. आपला शिंग्या जू घेताना मान खाली घालायचा ना, अगदी तशी. आई कशालाही न धरता आत चढली. एसटीच्या पायरीवर जिला मी आयुष्यभर हात देऊन वर ओढून घेतलं, ती स्वतःच्या पायानं चढून खिडकीशी जाऊन बसली. कळंबच्या पुढं ती झोपली. त्या रस्त्यावर खड्डा कुठं कुठं आहे ते मला पाठ आहे, पण आत पोटातलं पाणी हललं नाही. मी पुढं तुझ्या शेजारी बसून नुसता काचेबाहेर पाहत होतो. डोळे भरून आले होते म्हणून बोललो नाही. तू समजलीस की मी रागावलो आहे.

आणि पोळ्याची पहाट. सडा टाकायला आई अंगणात गेली आणि तिथूनच ओरडली, ‘अवो, गाडी एका अंगानं बसली ना!’ मागचं डावं चाक आत गेलेलं, गाडी लंगड्या गुरासारखी कललेली. तू कंपनीच्या वर्कशॉपला फोन लावलास, त्यांनी गाडी ट्रकवर चढवून आणा म्हणून सांगितलं. मी न्हाणीतून मगभर पाणी आणलं, त्यात कपड्याचा साबण खळबळवला आणि तुला उजेडाला बॅटरी धरायला लावली. हवेच्या ब्रेकची गळती आम्ही एसटीच्या डेपोत अशीच शोधायचो. स्प्रिंगच्या जागी गाडी पेलून धरणाऱ्या हवेच्या रबरी फुग्याला जिथं घडी पडते तिथं साबण लावला आणि दोघंही श्वास रोखून बसलो. आधी काही नाही. मग मोहरीच्या दाण्याएवढा एक बुडबुडा, त्याच्यामागं दुसरा. तू ‘बाबा, सापडलं!’ असं ओरडलीस, सहा वर्षांची असताना ओरडायचीस तसं. तुझ्या नव्या कुर्त्याला चिखल लागला होता. एवढ्या मोठ्या हुद्द्यावरची माझी पोरगी माझ्या शेजारी जमिनीवर आडवी पडून बॅटरी धरते आहे, याहून मोठा पोळा माझ्या आयुष्यात झाला नाही.

तिथून पुढं मात्र खर्चाची रांगच लागली. फुगा गळत होता म्हणून त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर दिवसरात्र चालत राहिला आणि जळाला. फुगा एक, कॉम्प्रेसर एक, वर स्कॅनर लावायचे पैसे वेगळे. मग समोर ‘सस्पेन्शन फॉल्ट’ अशी पिवळी पाटी, आणि ती घालवायला दुसरा गॅरेजवाला. सुटा भाग येईपर्यंत तू अकरा दिवस कंपनीच्या बसनं वाळूजला गेलीस, आम्हाला सांगितलंही नाहीस. जुन्या भारी गाडीचं हेच आहे गं. गाडीची किंमत दरवर्षी उतरते, तिच्या सुट्या भागाची किंमत नव्या गाडीचीच राहते. ऐंशी लाखांची गाडी तू चौदा लाखांत घेतलीस, पण कॉम्प्रेसरला ते कुणी सांगितलेलं नाही. दीड लाख गेले. म्हणून टायर पुढच्या महिन्यावर ढकललेस, हेही मला कळतं.

आलं बघ शेवटी टायरवर. आता लिहूनच टाकतो.

मी भाऊबीजेच्या सकाळी गाडीखाली हात घातला, तो तुझी चूक काढायला नाही. सवय आहे हाताला. मागच्या डाव्या टायरवर शेवटचे चार आकडे २३१७ आहेत. म्हणजे २०१७ सालातला तेविसावा आठवडा. बाकीचे तीन २०२१ चे आहेत, कुणीतरी तीन बदलून एक तसाच ठेवला. तू म्हणालीस, टायरची नक्षी चार मिलिमीटर खोल आहे, दुकानात मोजली. ती मधली मोजली असणार. फुगा गळत होता तितके महिने गाडी त्या बाजूनं बसून चालली. मागचं खाली बसलं की चाक वरून आत कलतं आणि सगळा भार आतल्या कडेवर येतो. ती कड बाहेरून दिसत नाही. माझ्या बोटांना ती गोट्यासारखी गुळगुळीत लागली, आणि बगलेच्या रबरात बारीक भेगा, उन्हाळ्यातल्या तळ्यासारख्या. रबर वयानं कडक होतं, मग नक्षी कितीही असो.

तू म्हणालीस, गाडीच्या पडद्यावर चारही चाकांची हवा दिसते. दिसते, मी पाहिली. पडदा हवा सांगतो, रबराचं वय सांगत नाही. आणि ही गाडी बोलत नाही, मला भीती त्याचीच वाटते. एकोणतीस वर्षं मी कानानं आणि बुडाखालच्या सीटनं गाडी चालवली. ब्रेक, क्लच, बेरिंग, जे बिघडेल ते आधी आवाज करायचं. तू लहानपणी बॉनेटवर फडकं टाकून बसायचीस, तुलाही कळायचं. दिग्रसच्या आधी एकदा तूच म्हणालीस, ‘बाबा, आज गाडी येगळी बोलून रायली,’ आणि पाहिलं तर स्प्रिंगचा पाटा तुटलेला होता. तुझ्या या गाडीत काच वर केली की १२० चा वेग ६० सारखा वाटतो. सुख आहे ते, नाही कसं म्हणू. पण टायर तापला, फुगला, तर ती तुला आधी काही सांगणार नाही. म्हणून निघण्याआधी उतरून हात लावायचा. समृद्धीवर चढायच्या आधी कारंज्याला, चारही चाकांना. हवा सकाळी थंड टायरमध्ये भरायची, दाराच्या चौकटीवर स्टिकर आहे तेवढी. सिमेंटचा रस्ता तापतो म्हणून लोक हवा कमी ठेवतात, ते उलट आहे. कमी हवेचा टायर बगलेतून दुमडत राहतो आणि जास्त तापतो. सव्वादोन टनांची गाडी आहे ती.

बघ, लागलो शिकवायला. तू इंजिनिअर आहेस, हे सगळं तू माझ्यापेक्षा जास्त जाणतेस. माफ कर.

पण एक गोष्ट तुला ठाऊक नाही, आईलाही नाही. तू तेव्हा आठवीत होतीस. मुक्कामी गाडी घेऊन गेलो होतो, सकाळी सहाची फेरी. रोज निघण्याआधी टामीनं, म्हणजे लोखंडी दांड्यानं, चाकं ठोकून पाहायची माझी शिस्त. हवा पुरी असली की टणक, उडता आवाज येतो, कमी असली की बद्द. त्या दिवशी पाऊस होता, उशीर झाला होता, मी ठोकली नाहीत. पुसदच्या अलीकडं वळणावर पुढचा टायर गेला. स्टिअरिंग हातातून निसटलं आणि गाडी रस्ता सोडून कपाशीत उतरली. चाळीस माणसं होती आत, शाळेची पोरं होती. कुणाला ओरखडा आला नाही. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, ड्रायव्हरनं वाचवलं म्हणाले. एक म्हातारी पाया पडली. मी त्या वावरात उभा राहून थरथरत होतो, कारण टामी माझ्या सीटमागं कोरडी पडून होती. ज्याची कपाशी होती त्याला मी पुढं दोन महिने पगारातून पैसे दिले. घरी सांगितलं की कापून घेतात.

तेव्हापासून मला तो आवाज येतो. तू समृद्धीवर असलीस की जास्त येतो. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस जळाली, २५ माणसं गेली, आपल्या जिल्ह्यातलीसुद्धा. त्याचं कारण वेगळं असेल, मी टायरवर ढकलत नाही. पण तुझ्या रस्त्यावर तो टप्पा येतो, आणि घड्याळात मी मोजत असतो की आता मेहकर, आता सिंदखेडराजा, आता जालना. परवा आठच्या सुमाराला मी देवासमोर जाऊन बसलो. आई म्हणाली, ‘काऊन हो, आज दोनदा दिवा लावता?’

गाडी विकून टाक, असं मी म्हणणार नाही. मामा म्हणतो, छोटी नवीन घे. त्याला काय कळतं. त्यानं तुला ती गाडी कारंज्याच्या गर्दीतून काढताना पाहिलं नाही, मी पाहिलं आहे. एका हातानं, घाई न करता, आरशात नजर ठेवून. बापाची चाल आहे ती. एसटी स्टँडवरच्या जुन्या कंडक्टरनं विचारलं, ‘पोरगी चालवते का एवढं धूड?’ मी म्हटलं, ‘माझी आहे.’ गाडी म्हणत होतो का पोरगी, ते त्यानं विचारलं नाही.

पहिल्या वेच्याचा कापूस कालच विकला. उद्या बँकेत जाऊन पंचवीस हजार तुझ्या खात्यात टाकतो. मागचे दोन्ही टायर एकदमच बदल, एकाच धुरीवर एक जुना एक नवा चालत नाही. एकाचे माझे, एकाचे तुझे. मी त्या गाडीत बसतो, आई बसते, तेव्हा एका चाकावर आमचाही हक्क आहे. पैसे परत पाठवायचे नाहीत. पाठवलेस तर मी बोलणार नाही. म्हणजे बोलेन, पण पाठवू नको. बसवल्यावर अलाइनमेंट करून घे, आणि नव्या टायरवरच्या चार आकड्यांचा फोटो आईच्या मोबाइलवर टाक.

अनारसे आई दारव्ह्याहून तिकडं येणाऱ्या पोराजवळ देते म्हणते, म्हणजे मऊ पडणार. तूच ये.

तुझा
बाबा

ता. क. जुना टायर दुकानात सोडून येऊ नको. तो उद्या दुसऱ्या कुणाच्या गाडीला लागेल. डिकीत टाकून इकडं घेऊन ये, मी कापून टाकतो.