लक्षद्वीपचं डिझेल आणि इंदूरचं पाणी

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीतला लक्षद्वीपवरचा लेख वाचला. फोटो सुरेख होते, माहितीही चांगली होती, पण पर्यावरणाचा विषय निघाला तेव्हा लेखकानं सगळं पर्यटकांच्या प्लास्टिक बाटल्यांवर आणून संपवलं, ते काही मला पटलं नाही. प्लास्टिक वाईटच, त्यात वाद नाही. पण लेखात पुढे प्रवाळ पांढरे पडतायत असं लिहिलंय, ते होतं समुद्र तापल्यामुळे, आणि समुद्र तापतो हरितगृह वायूंमुळे, मग त्या वायूंचा हिशोब नको का मांडायला? तिथे तो मांडला तर सगळ्यात वर येईल ऊर्जा, आणि लक्षद्वीपमध्ये ऊर्जा म्हणजे मुख्यतः डिझेल.

हा हिशोब साधारण चार खात्यांत करतात, ऊर्जा, कारखान्यांतल्या प्रक्रिया, शेती आणि जमीन, आणि कचरा. भारतानं संयुक्त राष्ट्रांना २०२० सालचा जो अहवाल दिला त्यात जमीन-जंगल बाजूला ठेवून ऊर्जेचा वाटा ७५.६६ टक्के आहे, शेती पावणेचौदाच्या आसपास, कारखान्यांतल्या प्रक्रिया आठ आणि कचरा फक्त अडीच. आता लक्षद्वीप बघा, सगळं मिळून ३२ चौरस किलोमीटर जमीन, ३६ बेटं, त्यातली १० वस्तीची, २०११ च्या जनगणनेत माणसं साधारण ६४ हजार. सिमेंटची भट्टी नाही, पोलाद नाही, मिथेन सोडणारी भातखाचरं नाहीत, शेती म्हणजे नारळ. दोन खाती जवळपास रिकामीच, कचरा थोडाफार, मग उरलं काय? पॉवरहाऊस, बोटी, जहाजं, गाड्या, स्वयंपाकाचा गॅस. अशा छोट्या बेटांवर ऊर्जेचा वाटा मोठा दिसतो तो यामुळे, तिथले लोक उधळे आहेत म्हणून नाही, उलट त्यांचा एकूण धूर आपल्या इंदूरच्या एखाद्या वॉर्डापुढेही फार नसेल.

आम्ही कोचीहून जहाजानं लक्षद्वीपच्या राजधानीला, कवरत्तीला गेलो होतो तेव्हा मी तिथल्या नळाच्या पाण्याची चौकशी केली, कारण बेटावर नदी नाही आणि विहिरी खारट व्हायला वेळ लागत नाही. २००५ साली तिथे चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेनं प्लांट उभा केलाय, दिवसाला एक लाख लिटरचा. समुद्राचं वरचं कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडतात, तिथे ते न तापवताच त्याची वाफ होते, आणि साडेतीनशे मीटर खोलवरून ओढलेल्या थंड पाण्यानं ती वाफ गार केली की गोडं पाणी मिळतं. कल्पना फार सुंदर आहे, मला तर तिथून हलवेना. पण एवढे पंप चालतात विजेवर आणि वीज येते मुख्यतः डिझेलच्या जनरेटरमधून, म्हणजे पेल्यातल्या पाण्यातसुद्धा डिझेल आहेच, आणि ते डिझेलही समुद्र ओलांडूनच आणावं लागतं.

थोडं गणित लिहिते. एक लिटर डिझेल जाळलं की साधारण २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लिटरभर डिझेलचं वजन किलोपेक्षा कमी, मग एवढा गॅस कुठून आला असं वाटतं, तर डिझेलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो, ते वजन त्यात धरलंय. जनरेटर लिटरमागे तीन-चार युनिट देतो, म्हणजे युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास. आणि आपल्या देशाच्या ग्रिडचा सरासरी आकडा किती? तोही सातशे ग्रॅमच्या वर आहे, कारण आपली बरीचशी वीज कोळशाची. म्हणजे डिझेलवरच्या बेटाला नावं ठेवायची सोय आपल्याला नाही.

तिथे सुधारणा चालू आहे हेही लिहायला हवं होतं. जानेवारी २०२४ मध्ये कवरत्तीला बॅटरीसकट सोलर प्लांट सुरू झाला. प्रशांत महासागरात न्यूझीलंडच्या ताब्यातलं टोकेलाऊ आहे, तीन प्रवाळबेटं, लोकसंख्या दीड हजाराच्या आसपास, त्यांनी २०१२ सालीच जवळपास सगळी वीज सोलर आणि बॅटरीवर नेली. पण तिथे विमानतळ नाही, सामोआहून बोटीनंच जावं लागतं, म्हणजे वीज बदलली तरी वाहतुकीचं तेल राहतंच, ऊर्जेच्या खात्यात तेही मोजायचं असतं.

आता आपल्याकडे. कचऱ्यात इंदूरनं देशाला वाट दाखवली, देवगुराड्याचा, रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा बायो-सीएनजी प्लांट मी बघितलाय आणि मला त्याचा मनापासून अभिमान आहे. पण देशाच्या हिशोबात कचरा अडीच टक्के आणि ऊर्जा पंचाहत्तर, आणि आपणही पाणी विजेवरच पितो की! नर्मदा खाली राहिली, नदीकाठच्या जलूदहून पाणी पंपांनी चढवत, सत्तरेक किलोमीटर लांब आपल्या टाक्यांपर्यंत आणतात. यासाठीच तर महापालिकेनं फेब्रुवारी २०२३ मध्ये २४४ कोटींचे ग्रीन बॉण्ड, म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठी पैसे उभे करणारे कर्जरोखे काढले, जलूदच्या ६० मेगावॅट सोलरसाठी, आणि सामान्य लोकांनीही त्यात पैसे घातले. ही गोष्ट आपल्या पेपरात स्वच्छतेच्या बातम्यांइतकी ठळक यायला हवी होती असं मला वाटतं.

माझी विनंती एवढीच की आपल्या वार्ताहरांनी महापालिकेला दरवर्षी दोन आकडे विचारावेत, नर्मदेचं पाणी शहरात आणायला वर्षभरात किती युनिट वीज लागली आणि त्यातली सोलरची किती, आणि ते पहिल्या पानावर स्वच्छतेच्या नंबराशेजारी छापावेत.

आपली नियमित वाचक,
सुदामानगर, इंदूर