आई, या रस्त्यावर ट्रक नाहीत

व्लिसिंगन, झीलंड, नेदरलँड्स
१४ जुलै

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्ही दोघं, दादा, वहिनी आणि मागचा टीव्ही असे सगळे एकदम बोलता, माझं उत्तर कुणाच्याच कानावर पडत नाही. म्हणून लिहायला बसले. दादाला याची मोठ्या अक्षरांत प्रिंट काढायला सांगा, म्हणजे अण्णांच्या डोळ्यांना त्रास नको. मी मजेत आहे. जेवते वेळेवर. वजन घटलेलं नाही, बारीक दिसते तो फोनच्या कॅमेऱ्याचा दोष. ऑफिस आणि घर यांचं तुम्हाला सगळं ठाऊक आहे, त्यात नवीन काही नाही.

आता सायकलचं. सायकलवरून एकटी भटकतानाचे फोटो टाकल्यापासून आई तुला झोप लागत नाही असं वहिनी म्हणाली. तुझ्या डोळ्यांसमोर वडखळचा नाका येतो, मला माहीत आहे. कंटेनर, खड्डे, उलट्या बाजूने घुसणारे डंपर. तिथे कुणी मला सायकल चालवायला सांगितली तर मीसुद्धा चालवणार नाही. पण इथे समुद्राच्या कडेला वाळूच्या टेकड्या आहेत, नाहीतर बांध आहे, आणि त्याच्या कुशीतून सायकलींचीच वाट जाते. मोटारींचा रस्ता दूर, बऱ्याचदा दिसतही नाही. आत शेतांमधून जाताना कधी ट्रॅक्टर येतो, तिथल्याच कुणाची गाडी येते, नाही असं नाही. पण ती मागून हळूच येते आणि जागा मिळेपर्यंत हॉर्नही वाजवत नाही. पहिल्यांदा मला वाटलं गाडी बंद पडली.

अण्णांना हे चटकन कळेल. हा मुलूख म्हणजे आपला खारेपाटच, फक्त सरकारने त्यावर पैसा ओतलेला. तेच बांध, बांधाआड भरतीच्या पातळीखाली पसरलेली शेतं, त्याच पाणी सोडायच्या उघाड्या, तोच भरती-ओहोटीचा हिशोब. आपल्याकडे बांधाला खांड गेली की गाव रात्रभर चिखलात उभं राहतं आणि मग पुढची वर्षं अर्ज करत बसतं. इथे १९५३ साली १ फेब्रुवारीच्या पहाटे बांध फुटले, देशात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर यांनी एकामागून एक खाड्यांची तोंडं बांधायला घेतली. ओस्टरस्खेल्डे नावाच्या खाडीवर मात्र पक्का बांध घातला नाही, कारण आतले कालवं-शिंपले मेले असते आणि कोळी लोक भांडायला उठले. मग तिथे ६२ अवाढव्य लोखंडी दारं बसवली. एरवी ती उघडी, भरतीचं पाणी आतबाहेर करतं. वादळ आलं की बंद. १९८६ साली हे काम पुरं झालं. अण्णा, त्या दारांवरून सायकलने जाता येतं! खाली पाणी असं खेचत जातं की मी उतरून कठडा धरून नुसती बघत राहिले. तुम्ही असतात तर एकेका दाराचं माप विचारत दिवस घालवला असतात.

बांधांच्या देखभालीसाठी कडेने वाट ठेवावीच लागते, ती पुष्कळ ठिकाणी सायकलवाल्यांना मोकळी करून दिली आहे. वेगळी जमीन घ्यायला नको, कोर्टकचेरी नको. आपल्या बांधांवरून तर माणसाला धड चालता येत नाही, ते जाऊ दे.

व्लिसिंगनहून पलीकडच्या ब्रेस्कन्सला बोट जाते. पूर्वी त्यात मोटारीही चढायच्या. २००३ मध्ये खाडीखालून साडेसहा किलोमीटरचा बोगदा झाला, मोटारी तिकडे वळल्या आणि बोट राहिली ती चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची. रेवस-करंजाचा पूल झाल्यावर लाँचचं काय होणार म्हणून अण्णा काळजीत होते ना, त्यांना हे सांगायचं होतं.

आता इथली एक तऱ्हा सांगते, जी मला अजूनही पूर्ण पचलेली नाही. हे लोक फिरायला जाताना गावाचं नावच घेत नाहीत, आकडे सांगतात. सायकलवाटा जिथे जिथे एकमेकींना मिळतात, तिथे एक खांब, खांबावर एक आकडा आणि बहुतेक ठिकाणी शेजारी नकाशा. समजा मी २३ वर उभी आहे. तिथून एक बाण १७ कडे, दुसरा ४१ कडे, तिसरा ८ कडे. मला समुद्राकडे जायचं तर नकाशात बघायचं, कागदावर लिहायचं २३, ४१, ६६, १२, आणि तो कागद हँडलला चिकटवायचा. मग ४१ चा बाण धरून निघायचं. वाटेत प्रत्येक वळणावर ४१ लिहिलेलं असतं. ४१ आला की ६६ शोधायचा. बास. पत्ता विचारायचा नाही, फोन काढायचा नाही. आकडे ९९ पर्यंतच, म्हणून तेच आकडे दुसऱ्या तालुक्यात पुन्हा येतात, त्याने मात्र डोकं फिरतं. ही कल्पना मूळ यांचीही नाही, शेजारच्या बेल्जियमची. ह्यूगो बोलन म्हणून कोळशाच्या खाणीतले एक इंजिनिअर होते. तिकडच्या खाणी बंद पडल्या, आणि १९९५ साली त्यांच्या भागात असं आकड्यांचं जाळं पहिल्यांदा सुरू झालं. खाणीत भुयारांच्या फाट्यांना नंबर असतात, त्यांनी तेच जमिनीवर आणलं.

आणि एवढा खटाटोप कुठे पोचण्यासाठी? कुठेच नाही! सत्तरीचे आजी-आजोबा, दोघांची जाकिटं एकाच रंगाची, सकाळी घरून निघतात, दिवसभर आकडे गोळा करतात, बांधावरच्या बाकावर बसून घरून आणलेला चीज-पाव खातात, एक शब्द बोलत नाहीत, आणि संध्याकाळी परत घरी. ना देवदर्शन, ना कुणाकडे जाणं. ऑफिसातल्या बाईंना मी विचारलं, रविवारी कुठे गेला होतात? त्या म्हणाल्या, ५२ कडून सुरुवात केली, पण ३८ नंतर वारा फार होता. मी मान हलवली. काय बोलणार?

वाऱ्याचं मात्र खरं आहे, ते लपवत नाही. चढ नाही तर सगळा त्रास वाराच देतो. तो बहुधा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून किनाऱ्याने झाउतलांडे, वेस्टकापेले, डोंबर्ग करत त्या लोखंडी दारांकडे जाताना पाठीवर असतो. मग झिरिकझे गावातून पाच किलोमीटरच्या पुलावरून परत फिरलं की तोंडावर. त्याच लोखंडी दारांवर, वारा अगदी बेफाम असेल तेव्हा, उलट्या वाऱ्याची सायकल शर्यत भरते. गिअर नसलेली साधी सायकल, साडेआठ किलोमीटर. घाबरू नकोस, मी नाव दिलेलं नाही.

तर आई, तुझे प्रश्न ओळीने. एकटी का जातेस? ओळखीतल्या कुणाला एवढी सुट्टी नव्हती म्हणून. वाटेत माणसं असतात, शाळेतली पोरं एकटी जातात. अंधार? सध्या रात्री दहापर्यंत उजेड असतो आणि मी त्याच्या खूप आधी पोचते. राहते कुठे? सायकलवाल्यांना आणि चालणाऱ्यांना आपल्या घरची एक खोली देणारी कुटुंबं आहेत, त्यांची रीतसर संस्था आहे, सभासद झाल्यावरच पत्ते मिळतात. मागच्या खेपेला एका निवृत्त मास्तरीणबाईंकडे होते. त्यांनी सकाळी अंडं उकडून बरोबर दिलं, वरून मिठाची पुडी. हेल्मेट? इथे साध्या सायकलवर जवळजवळ कुणी घालत नाही, पण मी घालते, कारण तू सांगितलंस. हेल्मेट बघून लोक मला जर्मन समजतात. आणि सायकल जुनीच घेतली आहे, पैसे उडवलेले नाहीत.

पैशांवरून आठवलं. अण्णांच्या मोतीबिंदूसाठी या महिन्यात जास्त पाठवले आहेत, ते दादाच्या कर्जाच्या हप्त्यात जाऊ देऊ नका. हप्त्याचे वेगळे पाठवले आहेत, दादाला माहीत आहे. अण्णा, पाऊस संपल्यावर बघू म्हणत बसू नका. दुसरा डोळाही लगेच करायचा का ते डॉक्टरांना विचारा, खर्चाचं माझ्याकडे सोडा. ऑपरेशननंतर थेंब घालायचं वेळापत्रक मी करून दादाच्या फोनवर टाकीन. मला इथून थेंब घालता येणार नाहीत, निदान वेळापत्रक तरी.

आत्याने आणलेल्या पनवेलच्या स्थळाचा फोटो पाहिला. मुलगा चांगला वाटतो, माझं काही म्हणणं नाही. पण मुलाकडचे बघतात म्हणून सायकलवरचे फोटो काढून टाक, हे मला पटलेलं नाही. मी चड्डीत नाहीये, आई, ती सायकल चालवायची पँट आहे, गुडघ्याखाली येते. त्यांना एवढ्यानेच अडचण होणार असेल तर आत्ताच कळलेलं बरं. त्याला माझा नंबर द्या. आत्याला नको, त्याला द्या. बोलेन मी.

आणखी एक. कंपनीने करार आणखी दोन वर्षांसाठी वाढवला, मी सही केली. तुम्हाला आधी विचारायला हवं होतं असं अण्णा म्हणतील. विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असतात आणि मग आई स्वयंपाकघरात जाऊन रडली असती, म्हणून नाही विचारलं. पगार थोडा वाढला आहे. यंदा गणपतीला येणं जमत नाही, सुट्टी नाताळातच मिळेल. मूर्ती दरवर्षीप्रमाणे हमरापूरहूनच आणा, माझ्या वाटणीचा खर्च पाठवते. आरतीच्या वेळी व्हिडिओ लावा, पण फोन समईजवळ ठेवू नका, मागच्या वेळी मला नुसता उजेड दिसला.

वहिनीला नमस्कार आणि पोरांना पापा.

तुमची,
धाकटी

ता. क. पोह्याचे पापड पाठवू नकोस. पापडांपेक्षा कुरिअरला जास्त पडतात, आणि मागचे अजून उरले आहेत. थोडेच आहेत, पण आहेत.