प्रार्थनेचे फळ आणि देवाचे असणे

फोंडा, गोवा

चि. रोहन यास अनेक आशीर्वाद.

काकांचे बायपासचे ऑपरेशन नीट पार पडल्यावर घरात जो वाद झाला त्यात मी बोलले नाही, कारण त्या घडीला मावशीला तिचा आनंद मोकळेपणाने भोगू देणे मला अधिक गरजेचे वाटले. देवीने उजवा कौल दिला होता म्हणून काका वाचले, असे तिचे म्हणणे. आणि प्रार्थनेचा काही उपयोग होत नाही हे प्रयोगाने ठरले आहे, तेव्हा देव नाही, असे तुझे. मला ही दोन्ही अनुमाने पटत नाहीत. तू आता वैद्यकीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस, म्हणून तुझ्याशी सविस्तर बोलायला हवे.

तू ज्या प्रयोगाचा दाखला दिलास तो मी मुळातून वाचला आहे. हर्बर्ट बेन्सन या अमेरिकन डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सहा रुग्णालयांतले बायपासचे 1802 रुग्ण घेतले आणि निष्कर्ष 2006 साली प्रसिद्ध केले. प्रार्थना करणारे लोक तीन ख्रिस्ती मंडळींतले होते. त्यांना रुग्णाचे नाव आणि आडनावाचे पहिले अक्षर एवढेच कळवले जाई, आणि ऑपरेशन यशस्वी व्हावे, प्रकृती लवकर सुधारावी, गुंतागुंत होऊ नये, अशा ठरलेल्या शब्दांत ते चौदा दिवस प्रार्थना करीत. आपल्याकडे भटजी संकल्पात नाव-गोत्र उच्चारतात त्याचीच मला आठवण झाली. कोणासाठी मागतो आहोत हे देवाला नीट कळावे, ही काळजी सगळीकडे सारखीच दिसते. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी प्रार्थना झालेल्यांत 52 टक्क्यांना आणि न झालेल्यांत 51 टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत झाली. आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना खात्रीने सांगितले होते, त्यांच्यात मात्र हे प्रमाण 59 टक्के निघाले. हा योगायोग असू शकतो. किंवा आपली अवस्था इतकी वाईट आहे का, या धास्तीचा तो परिणाम असेल.

प्रार्थना न झालेल्या गटासाठीही त्यांच्या घरच्यांनी देवाला हाक मारली असणारच, आणि ती कोणत्याही संशोधकाला थांबवता येत नाही. तेव्हा तिऱ्हाइतांनी ठरावीक शब्दांत केलेल्या जादा प्रार्थनेने फरक पडला नाही, एवढेच या प्रयोगातून काटेकोरपणे सिद्ध होते. तरीही त्या फटीत दडून बसणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञांनी 1872 सालीच दाखवले होते की ज्यांच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमध्ये नित्य प्रार्थना होते ते राजे इतर सुखवस्तू लोकांपेक्षा कमीच जगतात, आणि विमा कंपन्या हप्ता ठरवताना प्रार्थनेचा हिशेब कधीच धरत नाहीत.

आपल्या वास्कोचेच बघ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे प्लेग आला, तेव्हा लोकांनी जांबावलीला जाऊन श्रीदामोदराला साकडे घातले, देवाचा नारळ आणला आणि अखंड भजन मांडले. साथ ओसरली, असे सांगतात, आणि त्यातूनच सुरू झालेला सप्ताह आजही श्रावणात चोवीस तास भजनाने जागतो. त्या सप्ताहाविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण त्याच काळात मुंबईतही प्लेग होता. 1896 साली तिथे तो आला तेव्हा देवळे, मशिदी, चर्च आणि अग्यारी यांतल्या कोणी देवाला हाक मारली नसेल, असे कसे म्हणावे? तिथे तो वर्षानुवर्षे परत येत राहिला. उंदीर आणि पिसवा यांना कोणत्या गावात भजन चालले आहे याची खबर नसते. माणसे वाचवण्याचा खरा उपाय हाफकिन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी 1897 साली मुंबईत तयार केलेल्या लशीच्या दिशेनेच होता.

इथवर मी तुझ्या बाजूची आहे. पण यापुढे ‘म्हणून देव नाही’ असे जे तू म्हणतोस तिथे तुझी उडी फार लांब पडते. मागणी पोहोचली की निकाल बदलून देणारा देव या मोजणीतून बाद होतो, इतकेच. नवसाने मुले होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, असे विचारणारे तुकोबा विठ्ठलाचे केवढे भक्त होते! उलट बाजूही तितकीच लंगडी आहे. समजा, प्रार्थना केलेले रुग्ण खरोखरच लवकर बरे झाले असते, तरी देव आहे हे सिद्ध झाले नसतेच. पूर्वमीमांसेत, म्हणजे वेदांतल्या यज्ञकर्माचा विचार करणाऱ्या दर्शनात, यज्ञाचे फळ कर्मातून उपजणाऱ्या ‘अपूर्व’ नावाच्या शक्तीने मिळते, ते द्यायला ईश्वराची गरज धरलेली नाही. जैन माणूस णमोकार मंत्र रोज म्हणतो, पण जग निर्माण करणारा देव तो मानत नाही. प्रार्थना फळते का आणि देव आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधता येत नाही.

मावशीच्या बाजूने होणाऱ्या एका गोष्टीने मात्र मी खरोखर अस्वस्थ होते. कौल घेताना देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात, प्रश्न विचारतात, आणि ओल सुकत जाईल तशी एखादी पाकळी सुटून पडते. ती उजवीकडची असली आणि माणूस वाचला तर गोष्ट गावभर होते. ती उजवीकडचीच असून माणूस गेला तर त्याचे आयुष्यच तेवढे होते म्हणतात. जे विधान कोणत्याही निकालाने खोटे ठरू शकत नाही, त्याने काहीच सांगितलेले नसते. मला देव इतका स्वस्तात नको आहे.

तरी मी रोज देवापुढे हात जोडते, आणि मागतेही. काकांना आत नेले तेव्हा मी मागितले होते. हे जग मुळात आहे, आणि ते नियमाने चालते, याचे जे आश्चर्य मला इतकी वर्षे गणित शिकवताना वाटत आले, त्यावर माझी श्रद्धा उभी आहे. तो पुरावा नव्हे, हे मी जाणते, आणि तो पुरावा म्हणून मी तुझ्यापुढे ठेवत नाही. उद्या एखाद्या रुग्णाचे नातेवाईक डावा कौल आला म्हणून ऑपरेशन लांबवा असे म्हणतील, तेव्हा तू त्यांना ठामपणे नाही म्हण. पण खाटेशेजारी बसून कोणी पुटपुटत असेल, तर त्याला टक्केवारी ऐकवू नकोस.

सगळे जाणणाऱ्या देवाला आपण मुळात काही सांगावे का लागते, हे कोडे मला अजून सुटलेले नाही. त्याबद्दल तुला काय वाटते ते मला लिही.

तुझी,
आई