कातरणाची वाकळ

वाई,
९ नोव्हेंबर

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, बाजारात चांगली ब्लँकेटं मिळतात, मग या वयात कातरणाच्या गोधड्या, वाकळा शिवत डोळे का ताणताय?" गिऱ्हाईक उभं होतं, नीट बोलता आलं नाही. आज दुकानाला सुट्टी आहे, म्हणून लिहायला बसलो.

आईच्या दुखण्यात तू सातवीत होतीस, आजीजवळ. आम्ही दोघं दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत राहायचो आणि तिथून परळला टाटा हॉस्पिटलला जायचो. तुला तेव्हा फारसं काही सांगितलं नव्हतं. केमो झाली की रात्री आईला हुडहुडी भरायची. मी स्टेशनबाहेरून नवं जाड ब्लँकेट आणलं, पण ते तिला सोसेना. टोचायचं, खाली घाम यायचा, काढलं की परत थंडी. शिवाय नव्या मालाचा वास. त्या दिवसांत कसलाही वास आला की तिला उमळून यायचं.

शेजारी परभणीकडची एक बाई नवऱ्याला घेऊन आली होती. मध्यरात्री ती उठली आणि स्वतःच्या अंगावरची गोधडी आईवर घालून गेली. एक शब्द बोलली नाही. आईला झोप अशी लागली नाही, पण ती शांत पडून राहिली. अंधारात तिची बोटं गोधडीवरून फिरताना मला दिसत होती. शिंप्याची बायको, हाताला लागलं की कापड ओळखते. हळू आवाजात मला सांगत होती, हा खण आहे, हे धोतर, हे लहान मुलाचं झबलं असणार. पहाटे म्हणाली, "कुणाच्या तरी घरात निजल्यासारखं वाटलं हो."

चार दिवसांनी आम्ही हॉस्पिटलातून परत आलो तर ती दोघं गावी गेलेली. गोधडी आमच्या जागेवर घडी करून ठेवली होती. नाव विचारायचं राहिलं, पत्ता नाही. ताई, बारावीच्या अभ्यासाला तू पायावर घेऊन बसायचीस ना, ती हीच. तुला कधी सांगितलं नाही, कारण तो विषय निघाला की आईचे डोळे भरून यायचे.

गाडगेबाबांना लोक चिंधेबुवा, गोधडेबुवा म्हणायचे. अंगावर ठिगळं जोडलेलं वस्त्र आणि हातात गाडगं. त्यांच्या नावाच्या छपराखाली आपल्याला गोधडी मिळाली, हे माझ्या मनातून जात नाही. आणि मी इतकी वर्षं दुकानातलं कातरण पोत्यांनी गादीवाल्याला देत होतो! यंदा गणपतीनंतर ते बंद केलं.

आता कसं करतो ते सांगतो. कातरणातलं फक्त सुती घेतो. टेरिकॉट आणि सुटिंग बाजूला काढतो. सुती आटतं, ते आटत नाही, आणि एका धुण्यात सगळी वाकळ गोळा होते. निवडलेलं कापड आधी गरम पाण्यात भिजवून वाळवायचं, रंग जाणारा तुकडा तिथेच कळतो. मग पाच इंचाचे चौकोन, उभा धागा सांभाळून. शिवणीत जाऊन चार इंच उरतात. अकरा आडवे, वीस उभे, एकूण २२० तुकडे. हा हिशोब आजीच्या लुगड्यावरून बसवलाय. नऊवारीचे चार भाग केले की एकेक भाग ८१ इंच लांब येतो, पन्हा साधारण ४५ इंच. खाली दोनच पदर घालतो, म्हणजे एका लुगड्यात दोन वाकळा होतात. जास्त घातले तर ऊब वाढेल, पण अशक्त माणसाला कुशीवर वळताना ओझं होतं. आजीची लुगडी किती मऊ झालीत! तेवढं मऊ कापड विकत मिळत नाही.

तुकडे मी मशीनवर जोडतो, पण पदर एकत्र शिवायचे ते आईच्याच हातानं. मशीनची टीप मारली की वाकळ पुठ्ठ्यासारखी होते. आई जमिनीवर पसरते, कोपऱ्यांवर पाट आणि वरवंटा ठेवते, आणि मोठ्या नेढ्याच्या सुईनं कडेपासून आत आत धावदोरा घालत जाते. ओळीओळीत बोटभर अंतर. गाठ पदराच्या आत लपवते.

काल तिनं माझी एक अख्खी ओळ उसवली. चार चौकोन मिळतात तिथे शिवणी एकावर एक आल्या होत्या, शेंगदाण्याएवढा उंचवटा झाला होता. मी म्हटलं, एवढं कोण बघतंय. म्हणाली, "रात्रभर जागं असलेल्या माणसाची बोटं बघतात." पुन्हा केली. आता एका ओळीच्या शिवणी डावीकडे आणि पुढच्या ओळीच्या उजवीकडे दाबून इस्त्री मारतो, मग कोपरा सपाट बसतो.

पहिली वाकळ मागच्या गल्लीतले एक काका टाटाला निघाले त्यांच्याबरोबर दिली. दुसरी एका लहान मुलासाठी केली, तीन फूट बाय चार, त्यात तुझ्या शाळेच्या फ्रॉकचा निळा तुकडा आहे. तुला न विचारता कापला, रागावू नकोस. तिसरी मशीनवर आहे. तालुक्यातून कुणी उपचाराला निघालं की आमच्या कानावर येतंच. तेव्हा तयार वाकळ हाताशी असावी, एवढीच आमची घाई आहे.

दिवाळीची राहिलेली सुट्टी घेऊन येशील तेव्हा तुझे जुने सुती कुडते आण. बटणं, टिकल्या काढून ठेव. धुताना ते वासाचं पाणी घालू नकोस, आणि बॅगेत डांबराच्या गोळ्या असतील तर कपडे वेगळे बांध. आई म्हणते, उन्हात वाळवलेल्या कापडाचा वास तिला तेव्हाही चालायचा.

तुझे,
बाबा